घरात शिरलेला अधिकारी कोणाच्या पगारावर होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचा धाकटा भाऊ एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो आणि त्याचे सासू-सासरे सध्या नागपूरहून त्याच्याकडे राहायला आले आहेत. एका पहाटे चार सशस्त्र माणसे दार धडाधड ठोठावून आत शिरली. त्यांच्या जॅकेटवर ‘पोलीस’ एवढाच शब्द होता. भावाला आणि सासऱ्यांना बेड्या घालून पाऊण तास जमिनीवर बसवण्यात आले, कपाटे उपसण्यात आली, आणि आपल्याला पलीकडच्या इमारतीत जायचे होते हे ध्यानात आल्यावर ती माणसे बेड्या काढून निघून गेली. वॉरंट कोणी दाखवले नाही. भाऊ तीन वकिलांना भेटला. तिघांनीही हळहळ व्यक्त केली आणि तिघांनीही प्रकरण घेतले नाही. ज्या देशाच्या संविधानाचे एवढे गोडवे गायले जातात, तिथे हक्क इतका उघडपणे पायदळी तुडवला गेल्यावर थेट वरच्या न्यायालयात रिट दाखल करून भरपाई का मागता येत नाही, असे प्रश्नकर्ते विचारतात. आणि परदेशी नागरिकाला हा हक्क मुळात आहे का, अशीही त्यांना शंका आहे.

अमेरिकेत याच प्रकारचे दावे लढवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर सरळ आहे. चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाचा आणि योग्य कायदेशीर प्रक्रियेचा हक्क ‘नागरिकाला’ नव्हे तर ‘व्यक्तीला’ दिलेला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे १८८६ सालीच यिक वो विरुद्ध हॉपकिन्स या खटल्यात स्पष्ट केले. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतींत धोबीखाना चालवण्याचे परवाने चिनी लोकांना नाकारले जात होते आणि इतरांना बहुतेक सरसकट मिळत होते. तो खटला जिंकणारा चिनी प्रजाजन होता. अनुचित झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या दुरुस्तीत ‘लोक’ असा शब्द आहे आणि त्यावरून वाद झालेले आहेत, परंतु वैध व्हिसावर तिथे घर करून राहणाऱ्या माणसाला ते संरक्षण आहे याबद्दल गंभीर शंका घेण्याचे कारण नाही. अधिकाऱ्यांवर दावा करण्याची मुभा देणाऱ्या १८७१ च्या कायद्यातही ‘नागरिक किंवा अधिकारक्षेत्रातील अन्य व्यक्ती’ असे शब्द आहेत, म्हणजे पाहुणे म्हणून आलेले सासरेसुद्धा वादी होऊ शकतात. अलाबामा राज्यातील मॅडिसन या गावात फेब्रुवारी २०१५ मध्ये असेच घडले होते. मुलाकडे नातवाला सांभाळायला गुजरातेतून आलेले एक गृहस्थ सकाळी फिरायला निघाले, कोणीतरी संशयावरून फोन केला, त्यांना इंग्रजी येत नव्हते, आणि पोलिसाने त्यांना असे आदळले की त्यांच्या मानेच्या मणक्याला इजा होऊन शरीराचा काही भाग लुळा पडला. त्या प्रकरणाकडे पुढे परत येऊ, कारण ते इतरही बऱ्याच गोष्टी शिकवते.

आता मूळ प्रश्न. भारतीय वाचकाचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण आपल्या संविधानात कलम ३२ आहे, आणि तिथे दाद मागणे हाच एक मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला आहे. निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात डांबून ठेवलेल्या रुदुल साहला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये याच कलमाखाली सरकारकडून रोख भरपाई देवविली, आणि १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात ते तत्त्व आणखी पक्के केले. भरपाईच्या रकमा तुटपुंज्या असतात, वर्षे जातात, हे सगळे खरे. पण कोणावर दावा करायचा हा प्रश्न तिथे फारसा छळत नाही, कारण भरपाई देणारे शासन असते. अमेरिकेच्या संविधानात कलम ३२ ची बहीण नाही. बेकायदा कैदेतून सुटकेसाठी हेबिअस कॉर्पस आणि सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतल्यास मोबदला, एवढे सोडले तर हक्क मोडल्यावर काय मिळेल हे त्या दस्तऐवजात सांगितलेलेच नाही. हक्क एका ठिकाणी लिहिलेला, आणि त्याची भरपाई मिळवण्याचा रस्ता काँग्रेसने केलेल्या कायद्यांत आणि न्यायालयांच्या निकालांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला, अशी ती रचना आहे.

ज्या निकालाचे नाव या विषयात सर्वांत आधी घेतले जाते त्यातच ही फट दिसते. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी म्हटले की जिथे कायदेशीर हक्क आहे तिथे त्यावर उपायही असला पाहिजे. पाठ्यपुस्तके हे वाक्य आणि त्यामागोमाग येणारे न्यायालयीन पुनर्विलोकनाचे तत्त्व आवर्जून देतात. मात्र सरकारने नेमणुकीचे पत्र अडवून ठेवले म्हणून न्यायालयात आलेल्या मार्बरीला ती नेमणूक मिळाली नाही. त्याचा हक्क आहे, तो डावलला गेला आहे, असे सांगून झाल्यावर न्यायालयाने म्हटले की असा आदेश थेट आमच्याकडे मागण्याची सोय करणारे कायद्यातील कलमच घटनाबाह्य आहे. अमेरिकन घटनात्मक कायद्याचा पाया घालणारा पक्षकार रिकाम्या हाताने घरी गेला.

म्हणून भावाच्या प्रकरणात पहिला प्रश्न ‘हक्कभंग झाला का’ हा नाही. वॉरंटशिवाय घरात शिरणे हे मुळातच अनुचित मानले जाते. १९८० च्या पेटन विरुद्ध न्यूयॉर्क निकालाने घराचा उंबरठा ही ठळक रेघ ठरवली आहे. संमती किंवा तातडीची परिस्थिती हे त्याला अपवाद आहेत. (दार कोणी उघडले आणि ‘या’ असे कोणी म्हटले का, हे भावाने आजच लिहून ठेवावे, आपल्याकडची माणसे गणवेश दिसला की सवयीने बाजूला सरकतात आणि समोरचा वकील त्यालाच संमती म्हणतो.) त्यांच्याकडे पलीकडच्या घराचे वैध वॉरंट असेल तर मामला थोडा बदलतो, कारण प्रामाणिक आणि समजण्यासारखी चूक न्यायालय माफ करते. पण हा सगळा दुसरा अंक आहे. पहिला प्रश्न असा की त्या चार माणसांना पगार कोण देते: गाव, राज्य की केंद्र? जॅकेटवरच्या शब्दावरून हे कळत नाही, कारण केंद्रीय यंत्रणांची माणसेही ‘पोलीस’ असे लिहिलेली जॅकेटे घालतात. आणि याच एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे, इतके की तोच धक्का, त्याच बेड्या, तेच घर असूनही एका उत्तराला ज्युरीपुढे दावा चालतो आणि दुसऱ्या उत्तराला तो दारातच फेटाळला जातो.

ते शहराचे किंवा काउंटीचे पोलीस असतील तर रस्ता आहे. त्या रस्त्याचा इतिहास यादवी युद्धानंतरचा आहे. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनचा हिंसाचार चालू होता आणि स्थानिक अधिकारी त्याकडे डोळेझाक करत होते किंवा त्यात सामील होते, तेव्हा काँग्रेसने १८७१ मध्ये कायदा केला की राज्याच्या अधिकाराच्या आडून कोणी संघराज्याच्या संविधानाने दिलेला हक्क हिरावला तर त्याच्यावर केंद्रीय न्यायालयात दावा करता यावा. आज वकिलांच्या बोलण्यात ते ‘कलम १९८३’ आहे. नव्वद वर्षे ते जवळजवळ झोपून होते. १९५८ मध्ये शिकागोत तेरा पोलीस पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात वॉरंट नसताना घुसले, नवरा-बायकोला विवस्त्र अवस्थेत दिवाणखान्यात उभे केले आणि नवऱ्याला तासन्‌तास चौकीत बसवून ठेवले. पोलिसांचे म्हणणे असे की आम्ही इलिनॉय राज्याचाच कायदा मोडला, मग ते राज्याच्या अधिकारातले कृत्य कसे? १९६१ मध्ये मन्रो विरुद्ध पेप निकालाने हा युक्तिवाद झटकला: बिल्ला लावून केलेला गैरवापर हाही अधिकाराच्या आडूनच केलेला असतो. भावाच्या पहाटेची हकिगत वाचताना मला पहिल्यांदा हाच खटला आठवला.

या कलमाखाली अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा होतो, आणि त्यात राज्य सरकार प्रतिवादी होऊ शकत नाही. ते या कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ नाही असे १९८९ मध्ये ठरले, आणि त्याआधीपासून राज्याला केंद्रीय न्यायालयातील अशा दाव्यांपासून वाचवणारी अकराव्या घटनादुरुस्तीची भिंत आहेच. शहरावर दावा होऊ शकतो, पण १९७८ च्या मॉनेल निकालाची अट अशी आहे की नोकराने चूक केली म्हणून धनी जबाबदार, हा आपल्या ओळखीचा नियम येथे चालत नाही. शहराचे धोरण, रूढ झालेली पद्धत किंवा प्रशिक्षणातील अक्षम्य हेळसांड यामुळे हक्कभंग झाला हे दाखवावे लागते. एका चुकीच्या दारावरून ते सहसा सिद्ध होत नाही. त्याच विभागाने पत्ते न तपासता अनेकदा धाडी घातल्या आहेत हे दाखवता आले तर होते. प्रत्यक्षात पैसे मात्र बहुधा शहरच भरते. मोठ्या पोलीस दलांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की अशा दाव्यांत वादींना मिळालेल्या रकमेपैकी ९९.९८ टक्के रक्कम सरकारांनी भरली होती. म्हणजे कायदा म्हणतो अधिकारी जबाबदार, शहर नव्हे. आणि धनादेशावर सही शहराची असते.

हे लक्षात ठेवून पुढचा अडथळा पाहावा, कारण त्याचे समर्थन नेमके उलट, म्हणजे भरपाई अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाते, असे गृहीत धरते. क्वालिफाइड इम्युनिटी, म्हणजे अधिकाऱ्याला मिळणारे सशर्त संरक्षण, हे १८७१ च्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. १९६७ मध्ये न्यायालयाने सद्‌भावनेने वागलेल्या पोलिसाला बचाव दिला; १९८२ मध्ये हार्लो विरुद्ध फिट्झजेराल्ड निकालात त्यातून मनातला हेतू काढून टाकला आणि कसोटी अशी केली की त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ झालेला हक्क मोडला असेल तरच अधिकारी जबाबदार. ऐकायला हे वाजवी वाटते. व्यवहारात याचा अर्थ असा होतो की वादीने जवळजवळ तशाच वस्तुस्थितीचा जुना निकाल शोधून काढायचा, तोही सर्वोच्च न्यायालयाचा किंवा त्या भागातील अपील न्यायालयाचा. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे झडतीच्या वेळी पोलिसांनी एकूण सव्वादोन लाख डॉलरहून अधिक किमतीची रोकड आणि दुर्मीळ नाणी चोरली असा आरोप होता. २०१९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले की ही चोरी नैतिकदृष्ट्या चूक होती हे पोलिसांना कळायला हवे होते, पण वॉरंटखाली जप्त केलेला माल चोरणे चौथ्या दुरुस्तीचा भंग आहे असे आधी कोणत्याही निकालाने स्पष्ट केलेले नव्हते. दावा संपला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतले नाही. मी हा निकाल नव्या सहकाऱ्यांना वाचायला देतो तेव्हा काही जण पाने मागे उलटून पाहतात, आपण काही चुकीचे वाचले का म्हणून.

त्यात आणखी एक गाठ आहे. २००९ च्या पिअर्सन विरुद्ध कॅलाहन निकालानंतर न्यायाधीश हक्कभंग झाला की नाही हे न ठरवता, ‘तेव्हा कायदा स्पष्ट नव्हता’ एवढ्यावर दावा निकाली काढू शकतात. मग पुढच्या वादीसाठीही कायदा अस्पष्टच राहतो. उघड क्रौर्याला पूर्वनिर्णयाची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे, २००२ मध्ये अलाबामातील कैद्याला उन्हात खांबाला बांधल्याच्या प्रकरणात आणि २०२० मध्ये टेक्सासमधील विष्ठेने माखलेल्या कोठडीच्या प्रकरणात. पण हे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. न्यायमूर्ती थॉमस आणि न्यायमूर्ती सोटोमायर, ज्यांचे इतर बाबतींत क्वचितच जुळते, त्या दोघांनीही वेगवेगळ्या कारणांनी या तत्त्वावर टीका केली आहे. तरीही ते टिकून आहे. आणि संरक्षण नाकारले गेले तर अधिकारी लगेच, खटला चालण्याआधीच, अपील करू शकतो, त्यामुळे वेळ जातो. अलाबामातील मॅडिसन गावच्या त्या प्रकरणात घटना २०१५ ची. त्या पोलिसावरील फौजदारी खटल्यात दोनदा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले. दिवाणी दाव्यात मात्र अपील न्यायालयाने २०२० मध्ये संरक्षण नाकारले आणि त्यानंतर साडेसतरा लाख डॉलरना तडजोड झाली. फौजदारी खटला हरला म्हणून दिवाणी दावा हरत नाही, हे त्या कुटुंबाला कोणीतरी वेळेवर सांगितले असणार.

भावाच्या बाबतीत हा अडथळा तुलनेने कमी उंच आहे असे माझे मत आहे. वॉरंट, संमती आणि तातडी यांपैकी काहीही नसताना घरात शिरू नये हा नियम जुना, ठळक आणि वारंवार सांगितलेला आहे. समोरचा बचाव ‘कायदा अस्पष्ट होता’ असा न येता ‘आमच्याकडे वॉरंट होते आणि पत्त्याची चूक समजण्यासारखी होती’ असा येईल, म्हणून इमारतीवरचा क्रमांक किती ठळक दिसतो, दिवा होता का, चूक लक्षात आल्यावर बेड्या किती मिनिटांनी काढल्या, यावर दावा उभा राहील किंवा पडेल.

आता दुसरी शक्यता: ती माणसे केंद्रीय यंत्रणेची असतील. कलम १९८३ राज्याच्या अधिकाराखाली वागणाऱ्यांसाठी आहे; केंद्रीय अधिकाऱ्यांसाठी काँग्रेसने तसा कायदा केलेलाच नाही. ही पोकळी १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच भरली. ब्रुकलिनमध्ये अमली पदार्थविरोधी खात्याच्या सहा माणसांनी वॉरंटविना घरात शिरून बायका-मुलांसमोर एकाला बेड्या घातल्या होत्या, आणि बिव्हेन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की चौथ्या दुरुस्तीचा भंग झाला तर संविधानाच्याच आधारे भरपाई मागता येते. १९७९ आणि १९८० मध्ये आणखी दोन प्रकारांत ती मान्य झाली. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पकडून ब्रुकलिनच्या कैदगृहात डांबलेल्या परदेशी लोकांचा दावा २०१७ मध्ये अडला. सीमेच्या अमेरिकन बाजूने झाडलेल्या गोळीने पलीकडे मरण पावलेल्या पंधरा वर्षांच्या मेक्सिकन मुलाच्या आई-वडिलांचा २०२० मध्ये. आणि २०२२ च्या एगबर्ट विरुद्ध बूल निकालात, कॅनडाच्या सीमेलगत पथिकाश्रम चालवणाऱ्या माणसाला सीमा गस्ती दलाच्या अधिकाऱ्याने ढकलल्याच्या प्रकरणात, न्यायालयाने जवळजवळ सांगूनच टाकले की नवा रस्ता काढणे हे काँग्रेसचे काम आहे, आमचे नाही. परिस्थिती मूळ तीन निकालांहून थोडी जरी वेगळी असली तरी दावा फेटाळावा. मूळ निकाल रद्द झालेला नाही. तो तिथे आहे, अभ्यासक्रमात शिकवला जातो, आणि त्याचा आधार घेऊन आलेल्या बहुतेकांना परत पाठवले जाते. भावाची हकिगत १९७१ च्या हकिगतीशी इतकी मिळतीजुळती आहे की मी बिव्हेन्सचा मुद्दा दाव्यात घालीनच. पण त्यावर घर गहाण ठेवू नये. इमिग्रेशन खात्याची धाड असेल तर ‘हा वेगळा संदर्भ आहे’ असे म्हटले जाण्याची शक्यता फार मोठी आहे.

खरा आधार १९४६ च्या फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्टचा, म्हणजे केंद्र सरकारकडे अपकृत्याची भरपाई मागण्याच्या कायद्याचा आहे, आणि गंमत म्हणजे तो हक्कभंगाबद्दल नाहीच. केंद्र सरकारने त्यात आपली सार्वभौम प्रतिरक्षा (सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा करता येत नाही हे संरक्षण) अंशतः सोडली असून, खासगी माणसाने तेच केले असते तर त्या राज्याच्या कायद्यानुसार जी जबाबदारी आली असती ती सरकारवर येते: बेकायदा डांबणे, अंगावर हात टाकणे, निष्काळजीपणा. आधी या कायद्यात हेतुपुरस्सर केलेल्या अपकृत्यांना सूट होती. १९७३ मध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे अमली पदार्थविरोधी पथकांनी चुकीच्या घरांवर धाडी घातल्या, देशभर ओरड झाली, आणि १९७४ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती करून केंद्रीय पोलिसी अधिकाऱ्यांच्या अशा कृत्यांसाठी सरकारला जबाबदार धरले. म्हणजे भावासारख्या प्रसंगासाठीच केलेली दुरुस्ती! तरीही २०१७ मध्ये अटलांटात एफबीआयच्या पथकाने पहाटे चुकीचे घर फोडले तेव्हा त्या कुटुंबाचा दावा खालच्या दोन्ही न्यायालयांत फेटाळला गेला. १२ जून २०२५ रोजी मार्टिन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल रद्द केला. संविधानातील केंद्रीय कायद्याच्या श्रेष्ठतेचे कलम पुढे करून सरकार सुटू शकत नाही असे सांगितले, आणि ‘अधिकाऱ्याच्या विवेकाधीन निर्णयांना सूट’ हा दुसरा बचाव कितपत लागू होतो हे नव्याने तपासण्यासाठी प्रकरण अपील न्यायालयाकडे परत पाठवले. तो निकाल भावाच्या वकिलाने पहिल्या पानापासून वाचावा. या कायद्याखाली ज्युरी नाही, दंडात्मक भरपाई नाही, आणि न्यायालयात जाण्याआधी संबंधित खात्याकडे ठरावीक रकमेची लेखी मागणी करावीच लागते.

तिसरी शक्यताही असते, संयुक्त पथकाची. त्यात शहराचा पोलीस केंद्राच्या अधिकाराखाली काम करत असेल तर न्यायालय त्याला केंद्रीय अधिकारी धरू शकते, आणि कलम १९८३ चा रस्ता निसटतो. अशा वेळी दोन्ही आधार दाव्यात ठेवावे लागतात.

पैसे नकोत, पुन्हा असे होऊ नये एवढाच आदेश हवा, असे काही जण म्हणतात. तो सोपा वाटतो आणि एका अर्थी आहेही. राज्याच्या अधिकाऱ्याला घटनाबाह्य कृत्यापासून रोखणारा मनाई हुकूम १९०८ च्या एक्स पार्टे यंग निकालापासून मिळू शकतो, आणि त्यात इम्युनिटी आड येत नाही. परंतु १९८३ मध्ये लॉस एंजेलिस विरुद्ध लायन्स खटल्यात, पोलिसाने गळा आवळून बेशुद्ध केलेल्या माणसाला न्यायालयाने सांगितले की तुम्ही भरपाई मागा, मनाई हुकूम नाही, कारण तुमचाच गळा पुन्हा आवळला जाईल हे तुम्ही दाखवलेले नाही. चुकून शिरलेले लोक पुन्हा चुकून त्याच घरात शिरतील हे भाऊ दाखवू शकणार नाही. धोरणाला आव्हान द्यायचे असेल तर हे साधन उपयोगी पडते. मात्र जन्मसिद्ध नागरिकत्वाबाबतच्या आदेशावरून उद्‌भवलेल्या ट्रम्प विरुद्ध कासा खटल्यात २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांचे देशव्यापी हुकूम वादींपुरते मर्यादित केले, आणि तेव्हापासून अशी लढाई मुख्यतः सामूहिक दाव्यांच्या स्वरूपात लढली जाते. एच-वन-बी वर असलेल्या जोडप्यांच्या मुलांनाही तो आदेश लागू करण्याचा प्रयत्न असल्यामुळे आपल्या अनेक घरांत हे नाव ओळखीचे झाले आहे.

झडतीत मिळालेला पुरावा बाद करण्याचा १९६१ च्या मॅप निकालातील नियम येथे निरुपयोगी आहे, कारण भावावर खटलाच नाही. त्याच्यावर खटला होऊन शिक्षा झाली असती तर १९९४ च्या हेक निकालामुळे, शिक्षा चुकीची ठरवणारा भरपाईचा दावा ती शिक्षा रद्द होईपर्यंत करता आला नसता. तेही येथे लागू नाही.

मग तीन वकिलांनी नकार का दिला? माझा अंदाज असा की त्यांना दावा खोटा वाटला नाही, महाग वाटला. पाऊण तास बेड्या, हाड मोडलेले नाही, दवाखान्याचे बिल नाही. ज्युरीने भंग मान्य करूनही हातावर एक डॉलर ठेवला तर? १९७६ च्या कायद्याने जिंकणाऱ्या वादीच्या वकिलाची फी प्रतिवादीकडून देवविता येते, आणि म्हणूनच असे खटले चालतात. पण १९९२ च्या फरार विरुद्ध हॉबी प्रकरणात एक कोटी सत्तर लाख डॉलर मागणाऱ्या वादीला एक डॉलर मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची फी शून्यावर आणली. केंद्राविरुद्धच्या टॉर्ट दाव्यात तर वकिलाला मिळालेल्या भरपाईतूनच मर्यादित टक्केवारी घेता येते. ज्याचे कार्यालय अशा फीवर चालते तो माणूस वर्षानुवर्षांचे अपील आणि एक डॉलर यांचा हिशेब आधी मांडतो. कायदा विद्यापीठांची मोफत सल्ला केंद्रे आणि नागरी हक्कांच्या संस्था हा हिशेब वेगळ्या रीतीने करतात, म्हणून भावाने चौथा दरवाजा तिथला ठोठवावा. सासऱ्यांचे वय, त्यांना भाषा न कळणे, त्यानंतर झोप उडाली असेल तर डॉक्टरकडची नोंद, हे सारे भरपाईच्या रकमेत आणि म्हणून वकील मिळण्यात मोजले जाते.

मुदती मात्र वाट पाहत नाहीत. न्यू जर्सीत कलम १९८३ खालील दाव्याला दोन वर्षे मिळतात, पण राज्याच्या कायद्याखाली बेकायदा डांबल्याबद्दल शहराकडे भरपाई मागायची असेल तर घटनेपासून ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बहुतेकांचे हेच पाऊल चुकते. केंद्रीय खात्याकडील मागणी फॉर्म ९५ वर, दोन वर्षांच्या आत, रकमेचा आकडा लिहून करायची. आकडा रिकामा सोडला तर ती मागणीच धरली जात नाही. खात्याने नकार पाठवल्यावर न्यायालयात जायला सहा महिने. सहा महिने उत्तरच आले नाही तर ते नकार समजून पुढे जाता येते.

आणि हे सर्व सुरू होण्याआधी ती चार माणसे कोण होती हे कळायला हवे. भावाने या आठवड्यात स्थानिक पोलीस ठाण्याला, काउंटीच्या शेरीफला आणि अभियोक्त्याला सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करावा, त्या पहाटेची वेळ आणि पत्ता देऊन ९११ च्या नोंदी, गाड्यांची हालचाल आणि अंगावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण मागावे, आणि ते पुसू नये असे वेगळ्या पत्राने कळवावे. इमारतीच्या मालकाकडे दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण असेल तर ते त्याहीपेक्षा आधी मागावे, कारण ते सर्वांत लवकर पुसले जाते. स्थानिक ठाण्याने ‘आमची माणसे नव्हती’ असे लेखी कळवले, तर तो नकारही जपून ठेवावा. फॉर्म ९५ कोणाकडे पाठवायचा याचा शोध तिथूनच सुरू होतो.